जैवतंत्रज्ञान आणि गरिबी: वाईट वर्षाचा हिशेब

मुंबईत जैवतंत्रज्ञानात एमएस्सी करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे की विकसनशील देशांतली गरिबी कमी करण्यात या शास्त्राचा खरोखर किती वाटा आहे. पुस्तकात तिला ‘दुसरी हरितक्रांती’ वाचायला मिळते, आणि यवतमाळकडे आजोळी गेली की मामा म्हणतात, बीटी कापसाने शेतकरी बुडवला. दोन्ही खरं कसं असेल? शिवाय मुंबईत राहून या क्षेत्रात गरिबाच्या उपयोगाचं काही काम करता येतं का, की शेवटी औषध कंपनीत क्वालिटीचे कागदच भरायचे?

वाटा मोठा आहे. फक्त तो उत्पन्न वाढवण्यात शोधायला गेलात तर हाती फारसं लागणार नाही. गरीब घर चांगल्या वर्षात हळूहळू वर चढतं आणि वाईट वर्षात एका झटक्यात खाली येतं. पीक बुडालं, कमावता माणूस सहा महिने अंथरुणाला खिळला, दुभती म्हैस मेली, की आधी दागिने जातात, मग सावकार येतो, मग जमीन जाते. ज्या जैवतंत्रज्ञानाने हे घसरणं रोखलं, त्याने गरिबी कमी केली असं मी बेधडक म्हणेन. ज्याने चांगलं वर्ष आणखी चांगलं केलं आणि त्यासाठी शेतकऱ्याला दरवर्षी जास्त पैसे आधीच घालायला लावले, त्याचा हिशेब मिश्र आहे. तुमचं पुस्तक आणि तुमचे मामा या दुसऱ्या प्रकारातल्या एकाच पिकाबद्दल बोलताहेत, म्हणून कापूस आधी घेते. मी स्वतः सुरुवातीला बियाण्यांच्या कामात होते, नंतर लशी आणि निदानसंचांच्या उत्पादनाकडे वळले. त्यामुळे दोन्हीकडचे दावे जवळून पाहिले आहेत.

बीटी कापसाला मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. ‘बीटी’ हे मातीतल्या एका जिवाणूच्या नावाचं लघुरूप. त्या जिवाणूचं जनुक कापसात घातलं की झाड स्वतःच एक प्रथिन तयार करतं. ते पोटात गेलेली बोंडअळी मरते. त्या काळात हिरव्या बोंडअळीवर इतक्या फवारण्या व्हायच्या की कापूस घरात येण्याआधीच त्याचे पैसे कृषी केंद्रवाल्याच्या वहीत चढलेले असत. बीटीने त्या फवारण्या खरोखर कमी केल्या. काथागे आणि कैम या अर्थशास्त्रज्ञांनी महाराष्ट्रासह चार राज्यांतल्या कापूस उत्पादक कुटुंबांचा २००२ ते २००८ असा मागोवा घेतला. बीटीमुळे एकरी उत्पादन २४ टक्क्यांनी आणि नफा ५० टक्क्यांनी वाढला, आणि २००६ ते २००८ या काळात घरखर्च १८ टक्क्यांनी वाढला, असं त्यांनी २०१२ मध्ये मांडलं. तुमच्या पुस्तकातला उत्साह बहुधा इथून आला असावा. देशात हेक्टरी रुई २००२ च्या सुमारास ३०० किलोच्या आसपास निघत होती, ती २००७-०८ मध्ये ५५० च्या वर गेली. यात खतं, सिंचन आणि त्याच काळात आलेली नवी कीटकनाशकं यांचा वाटा किती, हा वाद अजून मिटलेला नाही. कापूसतज्ज्ञ केशव क्रांती आणि मानववंशशास्त्रज्ञ ग्लेन स्टोन यांनी २०२० मध्ये दाखवून दिलं की उत्पादनवाढीतला बीटीचा वाटा लोक समजतात त्यापेक्षा बराच कमी आहे. मला त्यांची बाजू जास्त पटते. पण पहिल्या काही वर्षांत फवारणीचा खर्च वाचला, हे तेही मान्य करतात.

मग बिघडलं कुठे? जनुकात नाही, ते ज्या बियाण्यातून आलं त्यात. चीनने हेच तंत्र मोठ्या प्रमाणावर सरळ वाणांत, म्हणजे ज्यांचं बी घरी ठेवून पुन्हा पेरता येतं अशा वाणांत, वापरलं. आपल्याकडे ते जवळजवळ फक्त संकरित वाणांतून आलं. कंपनीच्या बाजूने पाहिलं तर कारण उघड आहे: संकरिताचं बी घरी ठेवून पुढच्या वर्षी पेरलं तर पीक एकसारखं येत नाही, त्यामुळे पाकीट दरवर्षी खपतं. सुरुवातीला ४५० ग्रॅमच्या पाकिटाला १६०० रुपयांहून जास्त मोजावे लागत. २००६ मध्ये आंध्र प्रदेश सरकारने भांडून ते ७५० वर आणलं, मग बाकीची राज्यंही त्या वाटेने गेली. बी महाग असलं की कुणी दाट पेरत नाही. अंतर लांब ठेवायचं, झाड मोठं होऊ द्यायचं, पीक सहा-सहा महिने शेतात. आता हे विदर्भाच्या हलक्या, कोरडवाहू जमिनीत नेऊन बघा. पाऊस ऑक्टोबरात संपतो आणि बोंडं भरायच्या वेळी जमिनीत ओल नसते. महाराष्ट्रात कापसाचं क्षेत्र देशात सर्वांत मोठं, तरी हेक्टरी उत्पादन देशाच्या सरासरीखाली, यामागचं मोठं कारण हे आहे. लवकर येणारं, दाट पेरता येणारं, घरी बी ठेवता येणारं सरळ वाण आणि त्यात बीटी, असं त्या जमिनीला हवं होतं. पण तसं वाण कुणाच्या ताळेबंदात बसत नव्हतं. (माटुंग्याला कापूस तंत्रज्ञानाची केंद्रीय संस्था १९२४ पासून आहे. धागा किती लांब, किती मजबूत, हे मोजायची शिस्त तिथून आली. गिरण्यांना लांब धागा हवा होता. रोग आणि ताण सोसणारा देशी कापूस आखूड धाग्याचा म्हणून मागे पडत गेला. ती गोष्ट बीटीच्या खूप आधीची आहे.)

लांबलेल्या हंगामाचा दुसरा फटका गुलाबी बोंडअळीने दिला. ज्याच्याकडे थोडं पाणी आहे तो फरदड घेतो, म्हणजे फेब्रुवारीपर्यंत पऱ्हाटी उभी आणि अळीला खायला हजर. शिवाय संकरित झाडाच्या बोंडातल्या सगळ्या सरक्यांत ते जनुक उतरत नाही, काही बीटीच्या निघतात, काही बिगरबीटीच्या. अळीला अशा मिसळीवर वाढू दिलं की प्रतिकारशक्ती लवकर तयार होते. पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगरबीटी बी मिळायचं, ते कडेने आश्रय पीक म्हणून लावायचं होतं, म्हणजे बीटीला बळी पडणाऱ्या अळ्याही शिल्लक राहतात आणि प्रतिकारशक्ती लवकर पसरत नाही. ते किती जणांनी लावलं हे तुमच्या मामांनाच विचारा. स्वतःच्या दोन एकरांत अळीसाठी मुद्दाम ओळी लावायला कुठल्या गरीब माणसाला परवडतं? नियम प्रयोगशाळेत बरोबर होता, पण बांधावर तो टिकणार नव्हता, आणि तो लिहिणाऱ्यांना हे ठाऊक असायला हवं होतं.

गुजरातमध्ये पहिल्या जनुकाला न जुमानणारी गुलाबी अळी २००९ च्या सुमारास सापडली. दोन जनुकांचं बीटी २००६ मध्ये आलं होतं, तेही पुढे निकामी ठरलं. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात बोंडं आतून किडलेली निघाली. त्याच पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. बियाण्याचा खर्च होताच, त्यावर फवारणीचा परत आला. हे तुमच्या मामांचं वाक्य. आत्महत्यांचा थेट दोष बीटीवर ठेवणं मात्र टिकत नाही, ते सत्र २००२ च्या आधीच सुरू झालं होतं. आणि अमेरिकेने २०१८ मध्ये हीच गुलाबी बोंडअळी आपल्या कापूसपट्ट्यातून नाहीशी झाल्याचं जाहीर केलं. तिथेही बीटी कापूसच होता, जोडीला नपुंसक पतंग सोडण्याची मोहीम आणि वेळेत शेत रिकामं करण्याची सक्ती होती.

कापसाबद्दल आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती चर्चेत कधी येत नाही. तणनाशक सहन करणारा कापूस आपल्याकडे बेकायदा आहे, तरी त्याचं बी चोरून सर्रास मिळतं. जून २०१९ मध्ये शेतकरी संघटनेने अकोला जिल्ह्यात तो उघडपणे लावून आंदोलनही केलं. शेतकऱ्याची बाजू खोटी नाही. निंदणाला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी परवडत नाही. पण निंदणाची मजुरी हे गावातल्या भूमिहीन बाईचं पावसाळ्यातलं मुख्य उत्पन्न आहे. गरिबी कमी झाली का, हे विचारताना कुणाची, हेही विचारावं लागतं. सातबारा ज्याच्या नावावर आहे त्याच्याशीच बोलून अभ्यास केला तर या बाईचा तोटा त्यात कुठेच दिसत नाही.

आता याच्या उलट उदाहरण, आणि तेही आपल्याच मराठवाड्यातलं. जालन्याच्या महिको या बियाणे कंपनीने शेंडे आणि फळं पोखरणाऱ्या अळीला तोंड देणारं बीटी वांगं तयार केलं. फेब्रुवारी २०१० मध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्याला स्थगिती दिली, ती आजही आहे. तेच जनुक बांगलादेशाने २०१३ मध्ये स्वीकारलं. तिथल्या सरकारी कृषी संशोधन संस्थेने ते स्थानिक सरळ वाणांत घातलं आणि २०१४ मध्ये २० शेतकऱ्यांना रोपं देऊन सुरुवात केली. शेतकऱ्याने बी घरी ठेवावं, शेजाऱ्याला द्यावं, काही अडचण नाही. पुढे झालेल्या पाहणीत कीटकनाशकावरचा खर्च निम्म्याच्या जवळ उतरलेला दिसला. बांगलादेशातल्या वांग्याच्या शेतात फवारणी किती वेळा होते हे ज्यांनी पाहिलंय त्यांना यात फवारणाऱ्याच्या फुफ्फुसाचाही फायदा दिसेल. आपण स्थगितीवर सोळा वर्षं वाद घालतो आहोत, त्यात हा प्रश्न कधी धड विचारलाच गेला नाही: सरळ वाणात देणार असाल तर? धारवाड आणि कोईमतूरच्या कृषी विद्यापीठांकडे तशी वाणं तयारही होती.

मुंबईचं उदाहरण हवं असेल तर चेंबूरच्या पलीकडे ट्रॉम्बेला चला. भाभा अणुसंशोधन केंद्र म्हटलं की लोकांना अणुभट्टी आठवते, पण तिथे पन्नासहून अधिक वर्षं बियाण्यांवर किरणांचा मारा करून नवी वाणं काढली जातात. भुईमुगाचं पहिलं वाण, टीजी-१, १९७३ मध्ये आलं. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाबरोबर काढलेलं टीएयू-१ हे उडदाचं वाण १९८५ चं, आणि टीएजी-२४ हा भुईमूग १९९१ चा. नावातला ‘टी’ ट्रॉम्बेचा, ‘ए’ अकोल्याचा. राज्यातल्या उडदाच्या क्षेत्रावर टीएयू-१ ने वर्षानुवर्षं जवळजवळ एकहाती राज्य केलं. ‘टॅग चोवीस’ मागणाऱ्या बहुतेक शेतकऱ्यांना ते मुंबईत जन्मलं हे माहीतही नसतं, आणि माहीत असण्याची गरजही नाही.

जनुकबदल केलेलं नाही म्हणून काही जण याला जैवतंत्रज्ञानात धरत नाहीत. धरा किंवा नका धरू, गरिबीच्या दृष्टीने इथे दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. उडीद आणि भुईमूग स्वपरागीत आहेत, म्हणून चांगलं बी एकदा हातात आलं की काही वर्षं घरचंच पेरता येतं. आणि ही पिकं कमी मुदतीची आहेत, म्हणजे पाऊस लवकर गेला तरी काहीतरी पदरात पडतं. आता अडचण बघा. भुईमुगाला हेक्टरी शंभर किलोच्या वर दाणे पेरायला लागतात आणि एका किलोचे जेमतेम आठ-दहा किलो होतात. त्यामुळे नवं वाण शेतकऱ्यांपर्यंत पोचायला वर्षानुवर्षं लागतात, गोदाम लागतं, वाहतूक लागते. खासगी कंपनीला त्यात पैसा नाही, कारण शेतकरी पुढच्या वर्षी गिऱ्हाईक म्हणून परत येणार नाही. कापसाच्या पाकिटाची जाहिरात तुम्हाला एसटीच्या पाठीवर दिसेल, उडदाच्या बियाण्याची कधी पाहिली आहे? गरिबाला सर्वांत जास्त परवडणारं बी हे विकणाऱ्याला सर्वांत कमी परवडतं. ही दरी सरकारी बीजोत्पादनाने भरायची असते, आणि आपल्याकडे नेमकं ते खातं पैशाअभावी नेहमी लंगडत चालतं. संशोधनाला निधी मिळतो, बियाण्याच्या गुणनाला, म्हणजे ते वाढवून पुरेसं करण्याला, मिळत नाही.

वाईट वर्ष सोसणारं बी शेतकऱ्याचं वागणं कसं बदलतं, याचा सर्वांत नेटका पुरावा ओडिशातला आहे. तिथल्या एका जुन्या पारंपरिक भातात पूर सोसण्याचा गुण होता. तो कोणत्या जनुकामुळे, हे २००६ मध्ये निश्चित झालं. मग डीएनएच्या खुणा पाहत पाहत तो ‘स्वर्णा’ या लोकप्रिय भातात उतरवला, परकं जनुक घालायची गरजच पडली नाही. ‘स्वर्णा-सब१’ भारतात २००९ मध्ये प्रसारित झालं. दोन आठवड्यांपर्यंत पाण्याखाली राहूनही ते पुन्हा फुटतं. बालासोर आणि भद्रक जिल्ह्यांतल्या गावांत अर्थशास्त्रज्ञांनी काही शेतकऱ्यांना हे बी दिलं, काहींना दिलं नाही, आणि फरक मोजला. पूर आलाच नाही अशा ठिकाणीही बी मिळालेले शेतकरी जास्त खत घालू लागले, फेकून पेरण्याऐवजी लावणी करू लागले, कर्ज काढायला धजावले. बुडण्याची भीती कमी झाली की माणूस शेतात पैसा घालतो. शिवाय ओडिशात पुराची खोलगट जमीन बहुतेक वेळा दलित कुटुंबांच्या वाट्याला आलेली असते, त्यामुळे या बियाण्याचा लाभ त्यांना तुलनेने जास्त झाला. एकाही योजनेत ‘दलितांसाठी’ असं लिहिलेलं नव्हतं. जमिनीच्या उतारानेच ते ठरवलं.

जळगावच्या उतिसंवर्धित, म्हणजे प्रयोगशाळेत उतींपासून रोपं वाढवून लावलेल्या, केळीबद्दल तुम्ही वाचलं असेलच. ग्रँड नैन या जातीची रोपं आल्यावर अठरा महिन्यांचं पीक वर्षभरात निघू लागलं, बाग एकसारखी निसवू लागली, घड मोठे झाले, निर्यात सुरू झाली. ही यशोगाथा खरी आहे, पण ती ज्याच्याकडे ठिबक, पाणी आणि आधी घालायला पैसा होता त्याची आहे. खालच्या माणसाला फायदा झाला तो मजुरीतून आणि प्रयोगशाळेतल्या कामातून. या प्रयोगशाळांत रोपं वेगळी करण्याचं काम बहुतांश बायका करतात. हरण्या हा विषाणूजन्य रोग आला की हेच भांडवल एका हंगामात उपटून फेकावं लागतं, हेही धरा. गायी-म्हशींचं कृत्रिम रेतन मला जास्त महत्त्वाचं वाटतं. उरुळी कांचनच्या ‘बाएफ’ या संस्थेने १९६७ पासून ते गोठ्यापर्यंत नेलं, आणि मादीच जन्मावी म्हणून निवडलेल्या, लिंगनिर्धारित वीर्यमात्रेमुळे आता दहातल्या नऊ वेळा कालवड होते. एका गायीवर घर चालवणाऱ्याला गोऱ्हा झाला तर त्याला पोसण्याचं वर्ष वाया जातं. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशीमला देशी बनावटीच्या अशा मात्रेचं उद्घाटन झालं, त्यामागचा हेतू किंमत खाली आणणं हाच होता.

शेतीवर मी इतकं लिहिलं कारण प्रश्न तिथून आला. पण गरीब घर खाली येण्याचं सर्वांत मोठं कारण आजारपण आहे, आणि त्या बाबतीत जैवतंत्रज्ञानाचं खातं जास्त स्वच्छ आहे. मुंबईत तर हा इतिहास पायाखाली आहे. १८९६ मध्ये शहरात प्लेग आला तेव्हा वाल्देमार हाफकिन भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार करत होते. १० जानेवारी १८९७ ला त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसात गेली आणि १९२५ पासून तिला त्यांचं नाव आहे. त्याच हाफकिनमधून पुढे पोलिओचे थेंब आणि सर्पदंशावरचं औषध देशभर गेलं. साप चावतो तो अनवाणी भाताच्या खाचरात काम करणाऱ्याला, आणि बहुतेकदा घरातल्या कमावत्या माणसालाच. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं गेली असा अंदाज आहे.

लशींमध्ये खरी कसोटी किमतीची असते. हिपॅटायटिस बीची आयात लस नव्वदच्या दशकात डोसाला शेकडो रुपयांना पडायची, म्हणजे ज्याला गरज नाही त्यालाच मिळायची. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने ऑगस्ट १९९७ मध्ये यीस्टमध्ये वाढवलेली लस आणली, तीही फार कमी किमतीत. पाठोपाठ इतर भारतीय उत्पादक उतरले आणि दर इतके कोसळले की सरकारला ती सगळ्या बाळांना देणं परवडलं. रोटाव्हायरसच्या लशीचा मूळ विषाणू दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये एका नवजात बाळाकडून मिळाला होता. ती लस एका डॉलरला देऊ असं उत्पादकाने आधीच कबूल केलं, आणि २०१६ पासून ती राष्ट्रीय लसीकरणात आली.

मला सर्वांत आवडतं ते आफ्रिकेतल्या मेंदूज्वराचं (मेनिंजायटिसचं) उदाहरण. १९९६-९७ च्या साथीत तिथे सुमारे अडीच लाख लोक आजारी पडले आणि २५ हजार दगावले. आफ्रिकेतल्या आरोग्य अधिकाऱ्यांनी स्पष्ट सांगितलं की लस अर्ध्या डॉलरहून महाग असेल तर आणूच नका. मोठ्या कंपन्या मागे हटल्या. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ती किंमत मान्य करून काम घेतलं, आणि डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत लसीकरण सुरू झालं. ही लस चाळीस अंशांच्या उन्हातही चार दिवस टिकते हे पुढे सिद्ध झालं, त्यामुळे शेवटच्या गावात बर्फाशिवाय जाता आलं. मेंदूज्वराचा तो ‘ए’ प्रकार त्या पट्ट्यातून जवळजवळ गेलाच. यात शास्त्र नवं नव्हतं. आधी किंमत लिहिली आणि मग प्रक्रिया त्या किमतीत बसवली. आमच्या धंद्यात हे उलट्या क्रमाने चालतं.

आणि टीबी. गोवंडी, मानखुर्द, धारावी इथे तुम्ही राहत नसाल तरी तिथून येणारे तुमच्याच लोकलमध्ये असतात. औषधांना न जुमानणारा टीबी या शहराची जुनी दुखरी जागा आहे. पूर्वी थुंकी कल्चरला, म्हणजे जिवाणू वाढवून पाहायला, टाकली की निकालाला सहा-आठ आठवडे लागत. तोवर माणूस चुकीची औषधं घेत राहायचा, कामावर जाता येत नसे, घरातल्या इतरांना लागण व्हायची. आता जनुकावर आधारित चाचणी दोन तासांत टीबी आहे का आणि रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल का, हे दोन्ही सांगते. अशा चाचणीचं गोव्यात बनलेलं ‘ट्रूनॅट’ यंत्र बॅटरीवर चालतं, म्हणून ते वातानुकूलित प्रयोगशाळा नसलेल्या केंद्रातही ठेवता येतं. जागतिक आरोग्य संघटनेने त्याला २०२० मध्ये मान्यता दिली. औषध फुकट असूनही टीबीने घर बुडतं ते बुडालेल्या मजुरीमुळे. दोन महिने वाचले म्हणजे दोन महिन्यांचा पगार आणि अनेकदा नोकरीच वाचली. जरीकाम करणाऱ्या किंवा नाक्यावर उभं राहणाऱ्या माणसासाठी यापेक्षा मोठी गरिबी हटाव योजना मला माहीत नाही. मशीन असूनही कार्ट्रिज किंवा चिप संपलेली असते हा वेगळा ताप, आणि तो शास्त्राने सुटत नाही.

उलट बाजूही सांगते. पवईच्या आयआयटीने आणि टाटा मेमोरियलने मिळून रक्ताच्या कर्करोगावरची कार-टी पेशी उपचारपद्धती (रुग्णाच्याच प्रतिकारक पेशी बदलून कर्करोगावर सोडायच्या) तयार केली, तिला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. अमेरिकेतल्या दराच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास ती मिळते. काम अभिमान वाटावा असंच आहे. पण दहावा हिस्सा म्हणजे तीस-चाळीस लाख रुपये. आज तरी याला गरिबी कमी करणारं तंत्रज्ञान म्हणू नका, विमा योजनेत ते बसेल तेव्हा पाहू.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. मुंबईत राहून करता येईल असं काम भरपूर आहे, फक्त त्याला ग्लॅमर नाही. प्रबंधासाठी विषय शोधत असाल तर नवं जनुक शोधण्यापेक्षा असलेली वस्तू गरम हवेत कशी टिकेल, हा विषय घ्या. साधं उदाहरण रायझोबियम या उपयोगी जिवाणूच्या पाकिटाचं. कडधान्याच्या बियाण्याला चोळलं की मुळांवर गाठी येतात, युरिया वाचतो, किंमत किरकोळ. मानकाप्रमाणे दर ग्रॅममध्ये पाच कोटी जिवंत जिवाणू हवेत. मे महिन्यात तालुक्याच्या दुकानात पत्र्याखाली पडलेल्या पाकिटात त्यातले किती उरत असतील? शेतकरी एकदा वापरतो, फरक दिसत नाही, पुन्हा घेत नाही. वाहक बदलून, द्रवरूप करून, साखरेसारखे संरक्षक घालून हे सुधारता येतं, त्याला कोट्यवधींचं उपकरण लागत नाही आणि निकाल वर्षभरात दिसतो. जनुकसंपादन, म्हणजे झाडाच्याच जनुकात नेमका बदल करण्याचं तंत्र, हवंच असेल तर कडधान्यांवरचा पिवळा मोझॅक हा विषाणूजन्य रोग घ्या. मे २०२५ मध्ये आपल्याकडे जनुकसंपादित भाताची दोन वाणं जाहीर झाली, उडीद-मूग रांगेत मागे आहेत. मात्र संपादनाच्या तंत्राचे हक्क कुणाकडे आहेत आणि वाण शेतकऱ्याच्या हातात जाताना त्याचे पैसे कोण भरणार, हे काम सुरू करण्याआधी मार्गदर्शकांना विचारून घ्या. आपल्या २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला स्वतःचं बी ठेवण्याचा, पेरण्याचा, देवघेवीचा हक्क दिला आहे, तोही एकदा वाचून काढा. एमएस्सीला तो कुणी शिकवत नाही.

राहिले क्वालिटीचे कागद. लशीच्या प्रत्येक बॅचमागे ते असतात, आणि त्यात गोंधळ असेल तर जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वमान्यता मिळत नाही. ती नसेल तर युनिसेफ ती लस विकत घेत नाही, मग किंमत अर्धा डॉलर असली काय आणि दहा पैसे असली काय. खर्च नेमका कुठे होतो, बॅच कशामुळे वाया जाते, कोणती चाचणी कमी केली तरी चालेल आणि कोणती नाही, हे त्या टेबलावर बसूनच कळतं. स्वस्त लस करणारे जे लोक मला माहीत आहेत, त्यातल्या बऱ्याच जणांनी सुरुवात तिथूनच केली. पीएचडीच्या आधी दोन वर्षं तशी नोकरी मिळत असेल तर घ्या, आणि जमलं तर पॅकिंग विभागात नको, किण्वन किंवा शुद्धीकरण विभागात मागून घ्या.